तलाव, कोठी आणि रस्ता : एकोडी परिसराच्या बळाबळाचा इतिहास

एखाद्या गांवाची प्रकृति कशी ओळखावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. चांगल्या पावसाच्या सालीं प्रत्येक गांव सुखी दिसतें. खळ्यावर धानाची रास असते, गोठ्यांत वैरण असते, तलावांत पाणी असतें, आणि पाहुण्यास वाटतें कीं, या गांवाला जगाकडे कांहींच मागावें लागत नसेल. पण गांवाचें खरें बळ कळतें तें सर्वांत वाईट सालीं. म्हणून एखाद्या परिसरावर कोणतीं नैसर्गिक संकटें येतात, आणि तीं आलीं असतां तो परिसर स्वतःच्या पायांवर किती दिवस उभा राहूं शकतो, हे दोन प्रश्न एकत्रच विचारावे लागतात. त्यांचें उत्तर अंदाजानें देण्यापेक्षां इतिहासास विचारणें बरें. कारण हा प्रयोग त्यानें पूर्वींच करून ठेवला आहे आणि त्याची किंमत माणसांनीं आपल्या जिवानें मोजलेली आहे.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांतील एकोडी हें धानाच्या मुलखांतलें एक गांव. कोणत्याही लढाईमुळें किंवा तहामुळें तें प्रसिद्धीस आलेलें नाहीं. परंतु ज्या परिसरांत तें वसलें आहे, त्याच्या इतिहासांत वरील दोन्ही प्रश्नांचें उत्तर फार स्पष्टपणें लिहिलेलें आढळतें. तें वाचावयाचें तर प्रथम जमिनीकडे पाहिलें पाहिजे.

या भागाच्या एका अंगास गायखुरीच्या डोंगरांची रांग आणि नागझिऱ्याचें जंगल आहे. टेकड्यांतून येणारी चुलबंद नदी तालुक्यांतून वाहत जाऊन पुढें वैनगंगेस मिळते. वर्षाचा पाऊस सरासरीनें सुमारें १३०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें पन्नास इंचांहून कांहींसा अधिक. नगर-सोलापुराकडच्या माणसास हा आकडा ऐकून हेवा वाटेल. एवढा पाऊस असतां दुष्काळाचें नांव तरी कशाला, असेंही त्याच्या मनांत येईल. परंतु यांतील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि खालचा खडक त्याला फारसा थारा देत नाहीं. येथील अतिप्राचीन, कठीण, रूपांतरित खडकांना भूगर्भशास्त्रांत साकोलीचेंच नांव मिळालें आहे. त्यांस ‘साकोली समूह’ असें म्हणतात. अशा खडकांत पाणी मुरतें तें भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या थरांतून. मऊ गाळाच्या मुलखाप्रमाणें खोलवर त्याचा सांठा होत नाहीं. कन्हार आणि मोरांड या जड जमिनी ओल धरतात खऱ्या. पण सिहार ही पिवळसर जमीन आणि बर्डी ही मुरमाड जमीन पावसानें उघडीप देतांच सुकूं लागते. उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो. सारांश, येथें पाणी उदंड येतें, परंतु तें राहत नाहीं. या परिसराच्या अडचणींचें मूळ या एका वाक्यांत आहे.

त्यांतून येथील मुख्य पीक धान. धानाला केवळ पुष्कळ पाऊस पुरत नाहीं. तो वेळेवर लागतो. मृगांत पऱ्हे टाकावे, पुढें रोवणीसाठीं बांधींत पाणी तुंबावें, आणि शेवटीं लोंबी भरतांना हस्त नक्षत्राचा पाऊस यावा, असा हा क्रम आहे. यांतला शेवटचा पाऊस चुकला तर आधींच्या तीन महिन्यांची मेहनत फुकट जाते; शेत हिरवें दिसतें आणि लोंबी पोचट निघते. म्हणजे वर्षाचा एकूण आकडा भरलेला असूनही गांवांत अन्नाचा तुटवडा पडूं शकतो. सरासरीवर विसंबणाऱ्या हिशेबास हें संकट दिसतच नाहीं.

या अडचणीवर येथल्या माणसांनीं जो उपाय काढला तो म्हणजे तलाव. गोंड राजांच्या काळांत वैनगंगेच्या खोऱ्यांत तलाव बांधण्यास मोठें उत्तेजन मिळालें. चांद्याच्या हिरशहा राजाच्या नांवावर अशी आज्ञा सांगितली जाते कीं, जो तलाव बांधील त्यास त्या पाण्याखालीं भिजेल तेवढी जमीन बक्षीस मिळावी. राजाचें औदार्य आणि शेतकऱ्याचा स्वार्थ यांची इतकी चांगली सांगड क्वचितच घातली गेली असेल. या कामांत अग्रेसर ठरले ते कोहळी लोक. गोंड राजानें यात्रेहून परततांना त्यांना काशीच्या बाजूनें आणलें, अशी त्यांच्यांतील परंपरा आहे. नवेगांवबांध, सिरेगांवबांध आणि साकोली तालुक्यांतील शिवणीबांध या प्रचंड तलावांचें श्रेय त्यांच्याकडेच जातें. नवेगांवचा तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें लोक सांगतात. मोठ्या तलावांमागोमाग लहान तलाव आणि त्यांहून लहान बोड्या गांवोगांव झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या भंडारा जिल्ह्यांत लहानमोठे साडेतीन हजारांहून अधिक तलाव मोजले गेले होते, आणि नागपूर प्रांताचा सरोवरांचा प्रदेश म्हणून त्याची ख्याति झाली होती.

या तलावांची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली आहे. दोन टेकड्यांमधल्या उताराला आडवी मातीची पाळ घालावयाची. पाळीच्या पोटांतून पाणी सोडण्यासाठीं मोरी ठेवावयाची, जिला इकडे तुडूम म्हणतात. आणि जादा पाणी निघून जावें म्हणून एका बाजूस सांडवा काढावयाचा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावांत, त्याचा त्याच्याखालच्या बोडींत, अशी सांखळी जुळलेली असे. खालच्या बांधींत धान पिके, पाणी ओसरलेल्या कांठावर दुसरें पीक घेतलें जाई, आणि तलावांत धीवरांना मासे व शिंगाडे मिळत. उन्हाळ्यांत निघालेला गाळ शेतांत पडे. एका पाळीवर इतक्या लोकांचीं पोटें अवलंबून असल्यामुळें ती पाळ सुस्थितींत ठेवणें हें साऱ्या गांवाचें काम होतें.

परंतु या तलावाचें बळ नेमकें किती, हेंही सांगितलें पाहिजे. भरलेला तलाव पिकाला शेवटच्या पाण्याची जोड देतो. हस्ताचा पाऊस चुकला तर तो पीक वांचवितो. म्हणजे तो एका महिन्याचा विमा आहे. सबंध वर्षच कोरडें गेलें तर तलावही कोरडाच राहतो. कारण ज्या आकाशानें शेताला पाणी दिलें नाहीं, तेंच तलावालाही देणारें असतें. हा भेद जेथें विसरला जातो, तेथें तलावांच्या संख्येवरून गांव निर्धास्त आहे असें अनुमान काढलें जातें. १८९६ ते १९०० या चार वर्षांनीं तें अनुमान खोटें ठरविलें.

१८९६ सालीं मध्य प्रांतांत पाऊस सुरुवातीस बरा झाला, आणि ऑगस्टच्या अखेरीस एकाएकीं थांबला. धानाच्या मुलखावर हा घाव अगदीं वर्मीं बसला. ज्यांच्या शेतांना तलावाचें पाणी मिळालें त्यांनीं कांहीं पीक पदरांत पाडलें. वरच्या कोरड्या शेतांत तणीस तेवढी हातीं आली. १८९७ चा दुष्काळ कसाबसा निभावला न निभावला तोंच १८९९ सालीं पावसानें जवळजवळ पाठच फिरविली. हाच तो विक्रम संवत् १९५६ चा दुष्काळ, ज्याला लोक छपन्नाचा काळ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आठवीत राहिले. १९०० च्या पावसाळ्यांत मध्य प्रांताच्या लोकसंख्येपैकीं सुमारें एकपंचमांश लोक सरकारी मदतीवर जगत होते. १९०१ सालीं शिरगणती झाली तेव्हां भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांपूर्वींच्या मानानें ती शेंकडा अकरांनीं घटली होती. कांहीं मेले, कांहीं देशोधडीस लागले. हजारों तलावांच्या जिल्ह्यांत शंभरांतून अकरा माणसें कमी व्हावींत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तलावानंतरचा दुसरा आधार म्हणजे धान्याची कोठी. तलाव एक महिना सांभाळतो, तर भरलेली कोठी एक वर्ष सांभाळते. जुन्या काळीं चांगल्या सालचें धान पुढच्या सालासाठीं राखून ठेवण्याची रीत होती, आणि भातासोबत लाखोळीसारखें पीकही हाताशीं असे. धान कापण्यापूर्वींच बांधींतल्या ओलीवर लाखोळी फेकून द्यावी. ती फारशी मशागत न मागतां येते आणि कोरड्या दिवसांत इतर पिकांपेक्षां चिवटपणें तग धरते. शिवाय जंगलाचा मोह, कंद, तलावांतला मासा. अशा रीतीनें अन्नाचे चार-पांच झरे निरनिराळ्या ठिकाणांहून येत आणि सगळे एकदम आटत नसत. परंतु येथेंही तोल राखावा लागे. नाइलाजानें महिनोन्‌महिने केवळ लाखोळीवरच पोट भरणाऱ्या माणसांचे पाय लुळे पडत. दुष्काळानंतरच्या वर्षांत मध्य प्रांतांत अशा पांगळ्या झालेल्या लोकांच्या नोंदी झाल्या आहेत. संकटांतलें अन्न हें रोजचें अन्न झालें कीं तेंच संकट होतें.

कोठीविषयीं दुसरा एक प्रश्न अधिक अवघड आहे. कोठी होती, परंतु ती कोणाची होती? १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें, आणि १८६० नंतरच्या जमाबंदींत इंग्रज सरकारनें मालगुजारांना गांवाचे मालक म्हणून मान्यता दिली. पूर्वीं सारा गोळा करून देणारा जो पाटील, तो आतां जमीनदार झाला. तलाव त्याचा, पाळीची दुरुस्ती त्याच्या देखरेखीखालीं, आणि धानाचा मोठा वांटाही त्याच्याच घरीं. चांगला मालगुजार अडल्यानडल्यास धान उसनें देई. परंतु तें सवाई-दिढीनें फेडावें लागे. पाळीवरची माती बहुतेक ठिकाणीं वेठीनें टाकली जाई. ज्याच्या घामानें तलाव टिकला, त्या मजुराला स्वतःची बांधी नसली म्हणजे तलावाचें पाणी त्याच्या काय उपयोगाचें? पीक बुडालें कीं पहिल्याच महिन्यांत त्याची मजुरी बुडे. विणकराचेंही तसेंच, दुष्काळांत लोक वस्त्र घेणें आधीं सोडतात. १८८० च्या दुष्काळ कमिशननेंही हेंच दाखविलें होतें कीं, दुष्काळ हा जितका धान्याचा तितकाच मजुरीचा तुटवडा असतो. गांव स्वयंपूर्ण होतें असें म्हणतांना, गांवांतलें कोणतें घर स्वयंपूर्ण होतें, हेंही विचारलें पाहिजे.

तिसरा आधार रस्त्याचा. पूर्णपणें स्वयंपूर्ण असें गांव या मुलखांत कधींच नव्हतें. धान, लाखोळी, जवस, मोह, बांबू, मासे, टसरीचा कोसा एवढें घरचें होतें. परंतु मीठ समुद्रकांठाहून बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर येई, आणि कापूस पश्चिमेकडच्या काळ्या जमिनींतून. १८८० नंतरच्या दशकांत नागपुराहून पूर्वेकडे रेल्वे गेली. बंगाल-नागपूर रेल्वेनें ती पुढें कलकत्त्याच्या मार्गास जोडली. या रस्त्यानें दोन्ही गोष्टी केल्या. बाहेर भाव चढला कीं धान गाडींत बसून निघून जाई. जुन्या कोठ्या रिकाम्या होण्यास तें एक कारण झालें. उलट १८९९ सारख्या सर्वव्यापी दुष्काळांत बाहेरचें धान्य आलें तेंही याच रस्त्यानें. सलग दुसरें वर्ष बुडालें असतां तलाव आणि कोठी दोन्ही रिकाम्या असतात; मग केवळ रस्ताच उरतो. ज्या गांवाचा बाहेरच्या जगाशीं सलोखा आणि व्यवहार आहे, त्याच्याकडेच तो रस्ता मदत घेऊन येतो.

तलाव एका महिन्याची, कोठी एका वर्षाची आणि रस्ता त्यापुढची आपत्ति सांभाळतो, असा हा क्रम आहे. या तिहींनाही जेथें हात टेकावे लागले असें उदाहरण १९१८ सालचें. त्या वर्षीं पाऊसही तुटला आणि त्याच वेळीं इन्फ्लुएन्झाची साथ आली. मध्य प्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानांतल्या सर्वांत अधिक बळी गेलेल्या भागांपैकीं एक होता. ऐन कापणीच्या सुमारास घरेंच्या घरें अंथरुणाला खिळल्यावर उभें पीक कापणार कोण? कष्ट करणारीं निरोगी माणसें हेंही गांवाचें धनच आहे, आणि बळाबळाच्या हिशेबांत तें धरलें नाहीं तर हिशेब अपुरा राहतो.

सरकारनें या आपत्तींपासून कांहीं धडे घेतले, हें मान्य केलें पाहिजे. १९०१ ते १९०३ च्या जलसिंचन कमिशननें मध्य प्रांतांतील धानाच्या भागासाठीं सांठवणीच्या कामांवर भर दिला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत चांदपूर, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे सरकारी तलाव या प्रदेशांत उभे राहिले. परंतु गांवोगांवचे लहान तलाव मालगुजाराकडेच राहिले, आणि त्यांचें भवितव्य मालगुजारीशीं बांधलें गेलें.

१९५० सालीं मध्य प्रदेशांत मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला आणि १९५१ पासून तो अंमलांत आला. भंडारा जिल्हा तेव्हां मध्य प्रदेशांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. कुळाच्या आणि मजुराच्या डोक्यावरचें ओझें उतरविणारा तो कायदा न्याय्य होता यांत शंका नाहीं. वेठ गेली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु एका रात्रींत बहुतेक तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर माती टाकण्याचें कर्तव्य कोणाचें, हा प्रश्न अधांतरीं लोंबकळत राहिला. मालगुजार म्हणे, तलाव आतां माझा नाहीं. गांव म्हणे, तो सरकारचा आहे. सरकारच्या दप्तरांत तो हजारों नोंदींपैकीं एक होता. पुढें लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी सहकारी संस्थांकडे आणि पाणलोटाचें जंगल वनखात्याकडे अशी वांटणी झाली. पूर्व विदर्भांतल्या सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलावांपैकीं कित्येक यामुळें गाळानें भरले, कित्येकांच्या पोटांत अतिक्रमणें झालीं, आणि बेशरमाच्या झुडपांनीं कांठ व्यापले. हक्क बदलतांना कर्तव्याची नोंद करावयाची राहिली, असें या इतिहासाचें सार आहे.

गाळानें भरलेला तलाव दुष्काळांत निरुपयोगी ठरतो एवढेंच नव्हे, तर अतिवृष्टींत तो धोक्याचा होतो. त्याच्या पोटांत पाणी कमी मावतें, सांडवा लवकर वाहूं लागतो, आणि पाळ कुजकी असली तर ती फुटते. सांखळींतला वरचा तलाव फुटला कीं त्याचा लोंढा खालच्या तलावावर येतो. ज्या रचनेनें पाणी एकमेकांस पोंचविलें, तीच रचना निष्काळजीपणामुळें आपत्तिही पोंचविते. मोठ्या नदीचें संकट वेगळें. २०२० सालीं ऑगस्टच्या अखेरीस मध्य प्रदेशांत अतिवृष्टि होऊन शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवराचें पाणी सोडावें लागलें; खालीं गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले, आणि वैनगंगेच्या पुरानें भंडारा शहराच्या वस्त्या व कांठचीं शेतें पाण्याखालीं गेलीं. एकोडीचा परिसर वैनगंगेपासून आंत असल्यामुळें त्याला या पुराची थेट भीति नाहीं. तथापि बाजार, दवाखाना, वीज आणि धानाची विक्री यांसाठीं जें शहर लागतें तेंच पाण्यांत असेल, तर कोरड्या गांवालाही त्याची झळ लागतेच. येथें रस्ता हाच दुबळा दुवा ठरतो.

याशिवाय कीड आहे. २०१७ सालीं तुडतुड्यानें भंडारा-गोंदियाच्या धानाचें फार नुकसान केलें. दाट लागवड, एकाच तऱ्हेचें वाण आणि नत्राची जादा मात्रा यांत या किडीस चांगलेंच फावतें. नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या शिवारांत रानडुकरांचा उपद्रव आहे. वादळी पावसांत शेतांत काम करणाऱ्यावर वीज पडण्याचें भय आहे. भूकंपाच्या दृष्टीनें मात्र हा भाग त्या मानानें सुरक्षित समजला जातो. संकटांची यादी एवढी सांगितली तरी तींत एक क्रम लावतां येतो : पाण्याचें संकट पहिलें, मग पिकाचें, मग रोगराईचें, बाकीचीं त्यांच्या मागून.

अशा तऱ्हेची पाहणी ही कांहीं नवी कल्पना नाहीं. जे. सी. कुमारप्पा यांनीं १९२९-३० सालीं गुजरातेंतील मातर तालुक्याची घरोघर जाऊन आर्थिक पाहणी केली, आणि पुढें वर्ध्याच्या मगनवाडींत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचें काम चालवीत असतांना मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचें अध्यक्षपदही सांभाळलें. कोणत्या गांवांत काय पिकतें, काय बाहेर जातें, काय बाहेरून येतें, आणि जें येतें तें घरीं कां होऊं नये, असे सरळ प्रश्न विचारण्याची ती पद्धति होती. पाण्याच्या बाबतींत नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें हीच पद्धति अंगीकारली. त्या गांवीं दरवर्षीं पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आणि उपलब्ध पाण्यावरून कोणतें पीक घ्यावयाचें व कोणतें टाळावयाचें हें ठरवितात. ज्या गांवास एकोडीच्या निम्म्यानेंही पाऊस मिळत नाहीं, तें गांव हिशेबाच्या बळावर तग धरून राहिलें.

तलावांच्या मुलखास आणखी जवळचें उदाहरण सिंहलद्वीपाचें, म्हणजे आजच्या श्रीलंकेचें आहे. तेथील कोरड्या प्रदेशांतही असेच एकाखालीं एक तलाव आहेत. ज्या वर्षीं तलाव अर्धाच भरतो, त्या वर्षीं सगळी जमीन भिजविण्याचा हट्ट तेथील शेतकरी धरीत नाहींत. तलावाजवळची जेवढी जमीन त्या पाण्यांत पिकेल, तेवढीच त्या हंगामापुरती सर्व खातेदार आपसांत वांटून घेतात आणि पिकवितात. पुढच्या सालीं ज्याची जमीन त्याच्याकडे परत जाते. या रीतीस तेथें ‘बेथ्मा’ म्हणतात. तुटवडा आल्यावर भांडण्यापेक्षां तुटवड्याची वांटणी आधींच ठरवून ठेवणें, हा तिच्यामागचा विचार आहे. १८९६ सालीं आपल्या तलावांखालीं नेमकी याचीच उणीव होती. पाणी होतें, परंतु त्याची वांटणी जमिनीच्या मालकीप्रमाणें होती, भुकेप्रमाणें नव्हती.

या सर्वांवरून एकोडीसारख्या परिसराच्या बळाबळाची परीक्षा कशी करावी, याचा कांहीं बोध होतो. तलावांची संख्या मोजून भागत नाहीं. प्रत्येक तलावांत आज किती पाणी मावतें, त्याचें तुडूम चालतें काय, सांडवा मोकळा आहे काय, आणि पावसाळ्यापूर्वीं पाळ पाहण्याचें काम कोणाच्या नांवावर लिहिलेलें आहे, हें विचारलें पाहिजे. धान किती पोतीं झालें, एवढ्यानेंही भागत नाहीं. विकून झाल्यावर घरांत किती महिन्यांचें उरलें, बियाण्यापुरतें जुनें वाण कोणाकडे आहे काय, आणि ज्यांना जमीन नाहीं त्यांच्या घरीं किती दिवसांचें आहे, हें पाहिलें पाहिजे. आजच्या शेतींत खत, डिझेल आणि वीज बाहेरून येते. उन्हाळी धान तर पंपावरच उभें असतें. मग आठ दिवस वीज नसली किंवा पुरानें रस्ता बंद झाला तर पिण्याचें पाणी कोठून येईल, आजाऱ्यास कोणत्या वाटेनें नेतां येईल, याचें उत्तर संकट येण्यापूर्वींच तयार असलें पाहिजे. पूर्वीं बंजाऱ्याच्या मिठावांचून अडत असे. आतां विजेवांचून अडतें. परावलंबन पूर्वींही होतेंच. त्याची जात मात्र बदलली आहे.

हें केवळ बोलण्याचें काम नाहीं, याचाही पुरावा याच मुलखांत आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें धीवर समाजाच्या लोकांना बरोबर घेऊन गोंदिया-भंडाऱ्याकडील कित्येक माजी मालगुजारी तलावांत काम केलें. बेशरम उपटून काढली, तलावांत पूर्वीं असणाऱ्या पाणवनस्पति पुन्हां लावल्या, आणि त्यांच्या आश्रयानें देशी मासे परत आले. यांत मोठ्या यंत्रांपेक्षां म्हाताऱ्या कोळ्यांच्या आठवणीचा उपयोग अधिक झाला. कोणत्या वनस्पतीच्या मुळाशीं कोणता मासा अंडीं घालतो, हें ज्ञान पुस्तकांत नव्हतें, तें त्यांच्यापाशीं होतें. ज्यांचें पोट तलावावर आहे त्यांच्या हातीं तलावाची काळजी आली, आणि १९५१ पासून अधांतरीं असलेल्या प्रश्नाला निदान कांहीं ठिकाणीं तरी उत्तर मिळालें.

स्वयंपूर्णता या शब्दाचा अर्थ पुष्कळदां गांवाभोंवतीं कुंपण घालणें असा केला जातो. एकोडीच्या परिसराचा इतिहास तसें सांगत नाहीं. ज्या तीन आधारांवर हा मुलूख टिकला, त्यांपैकीं तलाव निसर्गाशीं, कोठी शेजाऱ्याशीं आणि रस्ता जगाशीं असलेल्या संबंधांवर उभा आहे. हे संबंध जोपर्यंत जपले जातात तोपर्यंत गांव संकटांतूनही सांवरतें. ते तुटले म्हणजे भरल्या तलावाच्या कांठींही माणूस उपाशी राहतो. पाऊस कोणाच्या हातीं नाहीं. पाळीवर वेळेवर माती टाकणें, कोठींत शेजाऱ्याचा वांटा ठेवणें आणि रस्ता मोकळा राखणें मात्र माणसांच्या हातीं आहे. गांवाच्या बळाचा ताळेबंद मांडतांना पहिल्या बाजूस पाऊस लिहावा, आणि दुसऱ्या बाजूस हीं तीन कामें व तीं करणाऱ्यांचीं नांवें लिहावींत. दुसरी बाजू कोरी असेल, तर पहिल्या बाजूचा आकडा कितीही मोठा असो, त्या गांवास सुरक्षित म्हणतां येणार नाहीं.